पंगतीनंतरची चौकशी

घरात मंगलकार्य यथासांग पार पडावे, पाहुण्यांनी तृप्तीची ढेकर देऊन आपापल्या बिऱ्हाडी परतावे, आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकेका घरून निरोप येऊ लागावेत की अमक्यास ओकाऱ्या सुरू झाल्या आहेत, तमक्याच्या मुलास जुलाब लागले आहेत. असा प्रसंग ज्या मोठ्या कुटुंबावर एकदाही आला नाही, असे कुटुंब विरळाच. अशा वेळी ‘हे कशाने झाले?’ असा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा पाच मिनिटांत ठरूनही जाते. कोणी म्हणतो तूप भेसळीचे होते, कोणी म्हणतो आचाऱ्याने तेल जुने वापरले, आणि एखादे वडीलधारे माणूस खात्रीने सांगते की कढईत पाल पडली असली पाहिजे. निकाल लागतो, पण चौकशी झालेली नसते. चौकशी म्हणजे काय, ती शास्त्राने कशी करावयाची असते, आणि तिचा आपल्या स्वयंपाकघराशी काय संबंध आहे, हे या महिन्यात आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आताच निघण्यास कारण आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाचा जुना चांदा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी दुभागला गेला आणि चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांच्या कुशीतील हा मुलूख साग-बांबूचा, मोहाचा आणि भाताचा. गडचिरोली जिल्ह्याचा विस्तार १४,४१२ चौरस किलोमीटर. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती अवघी १०,७२,९४२. पावसाळ्यात भामरागडाजवळ पर्लकोटा नदीस पूर आला की पलीकडील गावांचा संबंध तुटतो. पुण्या-मुंबईच्या घरात जे दुखणे एका दिवसाच्या त्रासावर निभावते, तेच दुखणे अशा ठिकाणी रात्री उद्भवले, तर दवाखाना आणि रोगी यांच्यामध्ये नदी आणि अरण्य उभे असते.

डिसेंबर २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील सोडे येथील मुलींच्या शासकीय आश्रमशाळेत जेवणानंतर शंभराहून अधिक विद्यार्थिनी आजारी पडल्या आणि त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी येथे देवळातील महाप्रसाद घेतलेले सुमारे ८० भाविक आजारी झाले आणि त्यांतील एका वृद्धाचा अंत झाला. एके ठिकाणी घरापासून दूर राहून शिकणाऱ्या वनवासी कन्या, तर दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेने ओंजळ पुढे करणारे भाविक. दोन्ही ठिकाणी दुसऱ्याने शिजविलेले अन्न विश्वासाने ग्रहण केले होते. वर्तमानपत्रांत अशा बातम्या ‘विषबाधा’ या एका शब्दाखाली येतात आणि दोन दिवसांत मागे पडतात. परंतु विष कोणते, ते आले कोठून, आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हे त्या एका शब्दाने कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे दूषित अन्नामुळे जगात दर वर्षी सुमारे ६० कोटी माणसे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. या मृतांपैकी सव्वा लाख पाच वर्षांखालील बालके असतात. इतक्या मोठ्या संख्येपुढे ‘पाल पडली असेल’ हे उत्तर फारच तोकडे पडते.

प्रथम त्या बिचाऱ्या पालीचाच निकाल लावू. आपल्या भिंतीवरील पाल विषारी नसते. तिच्या अंगी सापासारखी विषाची पिशवी नाही. मात्र तिच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू पुष्कळदा वास करून असतात, आणि तिची विष्ठा झाकण न ठेवलेल्या, निवालेल्या अन्नात पडली तर ते जंतू तेथे वाढू शकतात. पाल पडलेले अन्न टाकून द्यावे हे खरेच. परंतु उकळत्या कढईत पडलेल्या पालीपेक्षा उघड्या ठेवलेल्या खिरीच्या पातेल्यावरून रात्री फिरलेली पाल अधिक भयाची, हे लक्षात ठेवावे.

अन्नातून होणाऱ्या दुखण्याचा माग काढण्याची विद्या रोगजंतूंच्या शोधाहूनही जुनी आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे मेली. त्या काळी पटकी दुर्गंधीयुक्त हवेने होते असाच बहुतेक विद्वानांचा समज होता. जॉन स्नो या वैद्याने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेली त्यास आढळली. परंतु त्याची खरी बुद्धिमत्ता दिसली ती अपवादांचा विचार करण्यात. पंपाच्या शेजारीच दारूच्या भट्टीत काम करणारे मजूर का वाचले? तर ते बिअर पीत, त्या पंपाचे पाणी पीत नसत. आणि पुष्कळ दूर राहणारी एक विधवा का मेली? तर तिला त्याच पंपाच्या पाण्याची गोडी असल्यामुळे ती ते मुद्दाम मागवून घेत असे. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण मूळ सापडले होते. पटकीचा जंतू कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात ओळखून जगापुढे मांडला तो तीस वर्षांनी, १८८४ साली. रोगाचा कर्ता दिसण्यापूर्वी त्याचा रस्ता सापडतो, तो रस्ता अडविता येतो, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकापेक्षा आधी वही-पेन्सिल लागते, ही या कथेची शिकवण आहे.

आता ही वही कशी भरावयाची, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका लग्नाच्या पंगतीस १२० माणसे जेवली आणि त्यांपैकी ५० आजारी पडली. आपण चौकशीस निघालो, तर स्वाभाविकपणे आजाऱ्यांसच विचारू की काय काय खाल्ले. ५० पैकी ४६ म्हणतील पुरी खाल्ली, ४८ म्हणतील बासुंदी खाल्ली. एवढ्यावरून पुरी आणि बासुंदी दोघींवर सारखाच संशय येतो, कारण पुरी तर बहुतेक सर्वांनीच खाल्लेली असते. येथेच शास्त्र सांगते की जे आजारी पडले नाहीत त्यांसही विचारा. मग असे दिसून येते की पुरी खाणाऱ्या ११० जणांपैकी ४६ आजारी पडले, म्हणजे शेकडा ४२. आणि पुरी न खाणाऱ्या १० पैकी ४, म्हणजे शेकडा ४०. पुरी खाल्ली काय आणि न खाल्ली काय, फरक नाही. पुरी निर्दोष सुटली. बासुंदी खाणाऱ्या ८० पैकी मात्र ४८ आजारी, म्हणजे शेकडा ६०. आणि न खाणाऱ्या ४० पैकी केवळ २, म्हणजे शेकडा ५. बासुंदी खाणाऱ्यास धोका बारापट होता. उरलेल्या दोघांचे काय, असे कोणी विचारील. स्नोच्या त्या विधवेप्रमाणे त्यांच्याकडेही जाऊन पाहावे. एखाद्या मुलाने आजोबांच्या वाटीत बोट बुडविलेले असते, एखाद्याच्या पानात तोच डाव फिरलेला असतो. निरोगी माणूस हा या चौकशीतील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो, आणि आपण नेमके त्यालाच विचारावयास विसरतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे घड्याळ. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या ओकाऱ्या सुरू झाल्या, ताप फारसा नाही, तर अन्नात जंतूंनी आधीच विष तयार करून ठेवले होते असे समजावे. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले, तर जंतूंनी आतड्यात उतरून आपले काम केले. बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतच्या अवकाशाने ताप, जुलाब आणि अंगदुखी आली, तर साल्मोनेलासारख्या जंतूंचा संशय धरावा. अर्थात ही केवळ दिशा आहे. अंतिम निकाल प्रयोगशाळेचा. परंतु जेवणाची वेळ आणि पहिल्या ओकारीची वेळ कोणी टिपून ठेवलीच नाही, तर प्रयोगशाळेनेही कोणत्या जंतूचा शोध घ्यावा?

या जंतूंची ओळख पटविताना शास्त्रज्ञांनी स्वतःच्या पोटावरही प्रयोग केले आहेत. बार्बर नावाचा अमेरिकन संशोधक फिलिपाइन्स बेटांत असताना तेथील एका गोठ्यातील दुधाने लोकांस वारंवार ओकाऱ्या होत. ताजे दूध निरुपद्रवी असे. काही तास उघड्या हवेत राहिलेले दूध मात्र बाधे. त्याने ते दूध स्वतः पिऊन पाहिले, आजारी पडला, आणि त्या दुधाचे मूळ कास सुजलेल्या एका गायीत शोधून काढले. त्याने हे १९१४ साली प्रसिद्ध केले. दोषी होता स्टॅफिलोकोकस हा जंतू, जो आपल्या नाकात, गळवात आणि चिरलेल्या बोटावरील जखमेतही असतो. पुढे नॉर्वेतील हाउगे या संशोधकाने व्हॅनिलाच्या गोड सॉसमुळे उद्भवलेल्या दुखण्यांचा माग काढला. संशयित जंतू वाढविलेला तो पदार्थ स्वतः प्याला. आणि सुमारे तेरा तासांनी पोटदुखी व जुलाब यांनी बेजार झाला. १९५५ साली त्याने हा वृत्तांत दिला. तो जंतू बॅसिलस सिरियस. इंग्लंडात १९७० नंतरच्या काही वर्षांत शिजवून ठेवलेल्या व पुन्हा परतलेल्या भातामुळे ओकाऱ्यांची दुखणी वारंवार आढळली, तेव्हा तेथेही हाच जंतू सापडला. मोठ्या भांड्यात शिजवून सावकाश निवत ठेवलेल्या मांसातून होणाऱ्या बाधेचे कोडे बेटी हॉब्स या विदुषीने १९५३ साली उलगडले. तो जंतू क्लॉस्ट्रिडियम, आणि कोमट अन्नात तो आठ-दहा मिनिटांत दुप्पट होतो.

हे सारे परदेशचे असले तरी आपल्या स्वयंपाकघरास ते तंतोतंत लागू पडते. झाडीपट्टीत काय किंवा कोकणात काय, भात हेच मुख्य अन्न. तांदळावर बॅसिलस सिरियसचे बीजाणू स्वभावतःच असतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. भात चुलीवरून उतरला आणि पातेल्यातच झाकून कोमट राहिला, की ते बीजाणू जागे होतात, वाढू लागतात आणि विष तयार करतात. सकाळी त्या भातास मोहरी-हिंगाची खमंग फोडणी दिली तरी ते विष नष्ट होत नाही; कारण ते उकळत्या उष्णतेसही दाद देत नाही. बासुंदी, पेढे, खवा यांत बोटावरील जखमेतून आलेल्या स्टॅफिलोकोकसची हीच कथा. ‘गरम केले म्हणजे दोष गेला’ हा आपला समज येथे घात करतो. जंतू मरतात, पण त्यांनी मागे ठेवलेले विष उरते. आणखी एक भ्रम असा की नासलेल्या अन्नास वास येतोच. अन्न नासविणारे जंतू निराळे आणि माणसास पाडणारे निराळे. बाधक अन्न दिसावयास, चवीस आणि वासास पुष्कळदा उत्तम असते. म्हणूनच शाळांतील भोजन मुलांपूर्वी शिक्षकाने चाखावे हा नियम योग्य असला, तरी तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. तासाभरात ज्याची लक्षणे दिसावयाची नाहीत, ते चाखून कसे कळणार?

जंतूंचे गणित एकदा मनात ठसले म्हणजे पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. उन्हाळ्याच्या उबेत एक जंतू वीस मिनिटांत दोन होतो असे धरले, तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होऊन एकाचे वीस लाखांवर जंतू होतात. सकाळी दहाला शिजलेली डाळ सायंकाळी पाचपर्यंत तशीच ठेवण्याचा अर्थ हा. सुमारे ५ अंशांखाली ही वाढ बहुतांशी मंदावते आणि ६० अंशांवर थांबते. अन्न एक तर वाफाळते असावे किंवा खरोखर थंड असावे. ‘कोमट’ ही अवस्था जंतूंच्या सुगीची.

येथे आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात सोवळ्याचा विचार आल्यावाचून राहणार नाही. स्नान करून, धूतवस्त्र नेसून स्वयंपाक करणे. रांधताना अन्न न उष्टावणे. खरकटे वेगळे ठेवणे. शिळे न खाणे. पाण्यात शिजलेले अन्न लवकर संपविणे आणि तळलेले, कोरडे पदार्थ प्रवासास नेणे, या आपल्या घरांतील रीतींत जंतुशास्त्रास मान्य होईल असे पुष्कळ आहे, आणि ते आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु त्याच सोवळ्यात असेही पुष्कळ होते की ज्याचा स्वच्छतेशी संबंध नव्हता, तर माणसाच्या जन्माशी होता. एकाच्या सावलीने अन्न बाटे आणि दुसऱ्याच्या गळू झालेल्या बोटाने बाटत नसे. स्टॅफिलोकोकस गोत्र विचारीत नाही. ओले सोवळे नेसलेल्या आजीबाईंच्या चिरलेल्या बोटावरून तो जसा खिरीत उतरतो, तसाच तो अन्य कोणाच्याही. ज्यांस आपण पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्याच मुलांस घाण पाणी प्यावे लागले आणि त्यांचीच मुले जुलाबाने अधिक मेली, हा हिशेब आपल्या खाती आहे. रीतीतील स्वच्छता ठेवावी आणि भेद टाकावा. शास्त्राचा सल्ला एवढाच आहे, आणि तो धर्मबुद्धीसही पटण्याजोगा आहे.

चौकशीवाचून लागलेल्या निकालात अन्याय कसा होतो, तेही पाहिले पाहिजे. आळ प्रथम येतो तो सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे आचारी, वाढपी किंवा शाळेतील तुटपुंज्या मानधनावर रांधणारी बाई यांच्यावर. दोष त्यांचा असेलही. पण तो पाण्याच्या टाकीचा, कोठारातील धान्याचा, किंवा तीनशे मुलींच्या जेवणास दोनच चुली पुरविणाऱ्या व्यवस्थेचाही असू शकेल. न्यूयॉर्कात मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. १९०६ साली ती ज्या घरी कामास होती तेथील ११ माणसांपैकी ६ जणांस विषमज्वर झाला, आणि सोपर नावाच्या तपासनिसाने मागोवा घेत तिला गाठले. ती स्वतः ठणठणीत होती. जंतू तिच्या शरीरात मुक्काम करून होते. तिला नीट समजावून, दुसरा टिकाऊ रोजगार देऊन हे निभावता आले असते. ते झाले नाही. ती पुन्हा स्वयंपाकाच्या कामावर गेली, पुन्हा लोक आजारी पडले, आणि तिच्या आयुष्याची एकूण सव्वीस वर्षे एकांतवासात गेली. १९३८ साली ती तेथेच वारली. तपास बरोबर होता, पण वागणूक चुकली. आपल्या घरी राबणाऱ्या बाईस जुलाब होत असताना ती पगार कापला जाईल या भीतीने ते लपवून कामावर आली, तर दोष तिचा की भीती घालणाऱ्याचा? आजाराच्या दिवसांची भरपगारी सुटी ही उपकाराची बाब नसून त्या घराच्याच आरोग्याची तजवीज आहे.

आता पुन्हा गडचिरोलीकडे वळू. कारण मोजण्याच्या विद्येचा एक उत्तम धडा त्याच अरण्यात लिहिला गेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या वसतिस्थानाचे नाव ‘शोधग्राम’, आणि तेथील रुग्णालयास माता दंतेश्वरीचे नाव आहे. त्यांनी ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस नवजात अर्भकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. अर्भक जन्मले की त्याचे वजन, ताप, दूध ओढणे, रडणे यांची नोंद या बायका वहीत करीत, आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर घरीच उपचार करीत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचा मृत्युदर शेकडा ६२ ने उतरला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. ‘कोवळी पानगळ’ या २००१ सालच्या अहवालाने तर सरकारी नोंदीत दिसणाऱ्यांहून कितीतरी अधिक बालके महाराष्ट्रात मरतात हे दाखवून दिले. हे काम अन्नबाधेविषयी नव्हते. पण त्याचे मर्म तेच आहे. जे मोजले जात नाही, त्याचा कोणास जाब विचारता येत नाही. भामरागडच्या एखाद्या पाड्यावर चार मुलांस जुलाब होतात, दोन बरी होतात, एक पुजाऱ्याकडे जाते, एक मरते. आणि हे कोठेही लिहिले जात नाही. म्हणून ते घडलेच नाही, असे कागद सांगतात. २००४ पासून आपल्या देशात रोगांच्या देखरेखीची एकात्मिक योजना चालू झाली आहे, परंतु गावातून पहिली खबर देणारा कोणी नसेल तर ती योजना काय करील?

आणि उपचार? त्याचे श्रेयही आपल्याच देशातील एका वैद्यास आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातलगांकरवी रोग्यांस पाजविले. आणि जेथे शेकडा तीसच्या आसपास मरत होते तेथे मृत्यूचे प्रमाण ३.६ वर आले. २०२२ साली ते निवर्तले. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. हे औषध प्रत्येक गृहिणीच्या हाती आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून अधिक कदापि नको. दवाखान्यात मिळणारी पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये, पेज-वरणाचे पाणी चालू ठेवावे. लहान मुलांस वैद्याच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्याही देतात. परंतु शौचातून रक्त पडले, ताप चढला, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त झाले किंवा पिईनासे झाले, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. जंतुनाशक गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

घरच्या कार्यासाठी एवढे पथ्य आम्ही सुचवितो. कोणता पदार्थ किती वाजता शिजला आणि किती वाजता वाढला, हे एका कागदावर लिहून ठेवावे. उरलेला भात परातीत पसरून तासाभरात निववावा व शीतकपाटात ठेवावा. ते नसेल तर लागेल तेवढाच रांधावा. डाळ-भाजी उरल्यास उथळ भांड्यांत वाटून निववावी. हातास जखम किंवा पोटास विकार असलेल्याने त्या दिवशी रांधू-वाढू नये. प्रत्येक पदार्थाची एक झाकलेली वाटी दोन दिवस थंड जागी राखून ठेवावी. आणि दुर्दैवाने कोणी आजारी पडलेच, तर अब्रूच्या भयाने पातेली घासून टाकण्याची घाई करू नये. जेवलेल्या सर्वांची, विशेषतः बऱ्या असलेल्यांची, यादी करून जवळच्या आरोग्यकेंद्रास कळवावे. कार्यात विघ्न आले हे लपविण्याने घराण्याची प्रतिष्ठा राहते असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. लपविलेल्या बासुंदीने उद्या दुसऱ्याच्या घरचे मूल आजारी पडते.

सोडे येथील मुली आपल्या कोणी नव्हेत असे म्हणता येईल; पण एका मोठ्या पातेल्यातून अनेकांस वाढावयाचे, हा धर्म आश्रमशाळेचा आणि एकत्र कुटुंबाचा एकच आहे. आपल्या घरी मुलाचे पोट दुखले की तीन वडील माणसे अंथरुणाभोवती बसतात. त्या मुलींभोवती बसावयास त्यांचे आई-बाप जवळ नव्हते. त्यांच्यासाठी निदान नीट चौकशी व्हावी, तिचा निकाल लोकांस कळावा, आणि तो कळेपर्यंत आपण तो विचारीत राहावे, एवढे तर सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांकडून झाले पाहिजे.